फाटलेला ढग आणि भगवंतांची हाक

॥ राम कृष्ण हरि ॥

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६ वा, श्लोक ३७ ते ४०, आणि त्याच श्लोकांवरच्या ज्ञानेश्वरीतील ओव्या.

माउली, गेले काही दिवस आपण सहाव्या अध्यायात आहोत. आसन कसं असावं, जेवण किती, झोप किती, मन पळतं ते कसं आवरायचं, हे सगळं झालं. अर्जुनानं तक्रार केली की मन म्हणजे वारा, त्याला धरायचं कसं. भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य ही दोन औषधं सांगितली. खरं तर इथं विषय संपायला काही हरकत नव्हती. पण अर्जुन आणखी एक प्रश्न विचारतो, आणि अख्ख्या गीतेत मला हा प्रश्न सगळ्यात जवळचा वाटतो.

तो विचारतो, देवा, समजा एखाद्याची श्रद्धा आहे. तो या वाटेला लागलाही. पण कुठंतरी प्रयत्न कमी पडले, मन वाटेवरून घसरलं आणि शेवटची सिद्धी काही हाती आली नाही. तर अशा माणसाचं होतं काय? इकडचा संसार त्यानं बाजूला टाकला, तिकडचं फळ मिळालं नाही. मग तो दोन्हीकडून गेलाच म्हणायचा का? आणि उपमा देतो ती फाटून गेलेल्या ढगाची.

ही उपमा कोरडवाहू मुलखातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्या उमरीत मृग गेला, आर्द्रा लागली, सोयाबीन दोन पानांवर आलंय, कापसाच्या सरी कोरड्या पडल्यात, आणि दुपारी तीनला पश्चिमेकडून काळं भरून येतं. बाया वाळवण उचलतात. माणसं ओट्यावर येऊन उभी राहतात. वारं सुटतं, मातीचा वास येतो, चार थेंब पडतात. आणि मग तो ढग बघता बघता फाटतो, अर्धा भोकरकडं, अर्धा गोदावरीच्या पल्याड. पाणी नाही पडलं आणि सावलीही गेली. माउली ज्ञानोबाराय या ठिकाणी हंगाम सोडून आलेल्या पातळ ढगाचं वर्णन करतात, तो धड थांबत नाही आणि धड बरसतही नाही. ज्यानं दुबार पेरणी केलीय त्याला विचारा या ढगाचा अर्थ. आलाच नसता तर बरं होतं, असं म्हणायची वेळ येते.

आता हा ढग मी आज कुणाच्या तोंडावर बघतो ते सांगतो.

आपल्या तालुक्यात सकाळी पाचला उठून भोकर रोडला फिरायला गेलं तर अंधारात पावलांचा आवाज येतो. पोलीस भरतीची पोरं. मुलांना सोळाशे मीटर पळायचं असतं, मुलींना आठशे. एक मुलगी रोज दिसते, तिच्या मागं तिचा धाकटा भाऊ मोटारसायकलचा उजेड पाडत येतो. वडिलांनी तिला सांगितलंय, एवढी एक भरती, मग आम्ही बघतो ते स्थळ. म्हणजे ती पळते त्या आठशे मीटरवर तिचं लग्न, शिक्षण, सगळंच टांगलेलं आहे. २०२४ साली राज्यात पोलीस भरती झाली, जागा सतरा हजारांच्या आसपास आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. हिशेब तुम्हीच करा. शंभरातल्या एकाला वर्दी, बाकी नव्याण्णव घरी. आणि ते नव्याण्णव काय आळशी होते का? त्यांतले कितीतरी पावसात, चिखलात मैदानी चाचणीला उभे होते.

दुसरी पोरं पुण्याला. नांदेडला बी. ए., बी. एस्सी. झाली की बॅग भरायची आणि सदाशिव पेठेत पाच जणांत एक रूम. अभ्यासिका, मेस, पुन्हा अभ्यासिका. या पोरांचं दुःख नुसतं नापास होण्याचं नाही. परीक्षा कधी आहे हेच कळत नाही, हे मोठं दुःख आहे. २०२१ च्या मार्चमध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा १४ तारखेला होती. तीन दिवस आधी, ११ तारखेला, पुढं ढकलल्याचं जाहीर झालं. पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, मग २१ तारखेला परीक्षा झाली. २०२४ ला पुन्हा तेच. ऑगस्टची परीक्षा दुसऱ्या परीक्षेच्या तारखेला अडकली, पोरांनी आंदोलन केलं, आणि ती १ डिसेंबरला झाली. आपल्या शेजारी धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे, त्याच्या दारांनासुद्धा सुप्रीम कोर्टानं तारखा ठरवून दिल्यात. १ जुलैला उघडायची, २९ ऑक्टोबरला लावायची. दोन राज्यांचं भांडण होतं तरी तारीख ठरली! पोरांच्या परीक्षेला तेवढी खात्री नाही. डॉक्टरकीची वाट धरलेल्यांचंही तेच. २०२४ च्या नीटचा गोंधळ तर लातूरपर्यंत तपास येऊन पोचला होता. दोन वर्षं कॉटवर न झोपता अभ्यास केलेल्या लेकरांनी तेव्हा टीव्हीसमोर बसून काय विचार केला असेल?

गेल्या सप्ताहात प्रवचन झाल्यावर एक मुलगा थांबला. सगळी पंगतीकडं गेली, हा चपला हुडकल्यासारखं करत तिथंच. मी विचारलं, "काय करायलास सध्या?"

"काय नाही गुरुजी. बसलोय."

"फॉर्म भरलास का यंदा?"

"भरलाव की. पण आता कुणी विचारलं की तोंड चुकवून जायलो मी. रस्ता बदलून जातो."

एकोणतीस वय. चार वर्षं पुण्यात, दोन इथं. दोनदा पूर्वमध्येच गेला, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला आणि थोडक्यात राहिला. बापानं दरसाल सोयाबीनच्या पट्टीतून पैसे धाडले, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मग म्हणाला, "गुरुजी, एक विचारू का? ही सहा वर्षं गेली माझी, त्याला काय म्हणायचं? शेतात असतो तर शेत कळालं असतं. दुकान टाकलं असतं तर दुकान चाललं असतं. आता हे बी नाही आन् ते बी नाही."

बघा माउली. गीता न वाचता त्या लेकरानं अर्जुनाचाच प्रश्न विचारला, शब्द फक्त आपल्याकडचे.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. जेवायला बसवलं, शेजारी बसलो. उत्तर जे आहे ते आज इथं लिहितोय, कारण तो हे वाचतो हे मला माहीत आहे, आणि त्याच्यासारखी आणखी पुष्कळ वाचतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्यापैकी बरीच वडीलधारी मंडळी अशा पोराला बघितलं की दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक काढतात. कर्म करत राहा, फळाकडं बघू नको. श्लोक खरा आहे. पण तो सांगायची वेळ चुकते. ज्याच्या घरात फळ आलेलं आहे, पेन्शन चालू आहे, त्यानं ज्याच्या हातात काहीच आलं नाही त्याला फळाकडं बघू नको म्हणणं, हे मला बरं वाटत नाही. आणि आपण त्या श्लोकाचा शेवटचा पाव भाग सांगतच नाही. त्यात भगवंत असंही म्हणतात की काहीच न करण्याची आवड लागू देऊ नको. म्हणजे तो श्लोक तक्रार बंद करायला नाही, हातपाय हलते ठेवायला आहे. असो, तो विषय त्या अध्यायात झाला.

आता आजचा श्लोक. अर्जुन विचारतो आणि वर असंही म्हणतो की हा संशय तोडणारा तुझ्यावाचून मला दुसरा कुणी दिसत नाही. भगवंत काय करतात? ते त्याला तात अशी हाक मारतात. एरवी पार्थ, कौंतेय, धनंजय, भारत, महाबाहो, अशी वीराला शोभणारी नावं. इथं तात, म्हणजे आपल्या बोलीत बाळा, लेकरा. सातशे श्लोकांत अर्जुनाला ही हाक इथं एकदाच मिळते, असं जाणकार सांगतात. कुठं मिळते बघा. विश्वरूप बघून भ्याला तिथं नाही, धनुष्य टाकून रडला तिथं नाही. अर्धवट राहिलेल्याचं काय होतं असं विचारल्यावर मिळते. मला वाटतं उत्तराचा निम्मा भाग त्या हाकेतच आहे. तुम्ही पोराशी बोलताना आधी आवाज असा करा, मग काय सांगायचं ते सांगा.

उरलेला निम्मा भाग असा. भगवंत म्हणतात, त्याचा नाश इथंही नाही आणि पुढंही नाही. जो चांगलं काही करायला निघाला त्याची वाईट गत होत नाही. ज्ञानोबाराय यावर फार गोड बोलतात. त्यांचं म्हणणं असं की ज्याची ओढ खरी आहे त्याला दुसरी गती आहेच कुठं? एवढंच होतं की मधे कुठंतरी विसावावं लागतं, आणि तो विसावाही साधा नाही, देवांनासुद्धा मिळत नाही एवढा सुखाचा आहे.

मी पुन्हा पुन्हा या शब्दावर थांबतो. विसावा. आपण ज्याला नापास म्हणतो, गॅप म्हणतो, घरी बसला म्हणतो, त्याला माउलींनी विसावा म्हटलंय. आळंदीहून पालखी निघते ती एका दमात पंढरीला पोचते का? मुक्काम असतात, विसावे असतात. विसाव्याच्या ओट्यावर पालखी टेकवली म्हणून कुणी वारकरी म्हणत नाही की वारी बुडाली.

इथं मला प्रामाणिक राहायला पाहिजे. हा श्लोक योगाबद्दल आहे, तहसीलदाराच्या पोस्टबद्दल नाही. काही मंडळी स्टेजवरून सांगतात की श्रद्धा ठेवा, भगवंत तुमचा नंबर लावणारच. असं गीतेत कुठंही लिहिलेलं नाही. शंभरात एकाला जागा असेल तर नव्याण्णवांच्या श्रद्धेत खोट होती का? असलं बोलणं त्या लेकरांच्या जखमेवर मीठ आहे. रणांगणावरसुद्धा भगवंतांनी अर्जुनाला जिंकशीलच म्हणून उठवलेलं नाही. दुसऱ्या अध्यायात पडलास तर हे, जिंकलास तर हे, अशा दोन्ही बाजू सांगितल्या आणि मग उठ म्हणाले. अकराव्यात पुढचं दाखवलं खरं, पण त्याच्या कितीतरी आधी त्याला उठायला सांगितलं होतं.

मग श्लोक आपल्या पोराला देतो काय? तो म्हणतो की चांगलं करायला निघालेल्याचं काही वाया जात नाही. यात अट चांगलं करण्याची आहे, पास होण्याची नाही. पुढच्या श्लोकांत तर असं आहे की मधे थांबलेल्याला पहिली समज पुन्हा मिळते आणि तो तिथून पुढं चालायला लागतो. पुन्हा पहिलीपासून नाही. सहा वर्षं ज्यानं रोज दहा तास बसायची सवय केली, राज्यघटना वाचली, इतिहास वाचला, दुष्काळ का पडतो आणि कर्ज कसं फिरतं हे समजून घेतलं, ते सगळं कट-ऑफला चार मार्क कमी पडले म्हणून डोक्यातून निघून गेलं का? ग्रामसभेत जमाखर्चाचा कागद हातात घेऊन दोन प्रश्न विचारता येणारा माणूस गावात किती आहे? हे मी त्याला समजूत घालायला म्हणत नाही. त्याची गावाला खरंच गरज आहे.

आणि हो, ज्यांची पोथी आपण वाचतो ते स्वतः कोण होते? ज्ञानेश्वरी नेवाशात पूर्ण झाली ती शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० ला. परंपरेनं जन्मसाल १२७५ धरलं तर वय पंधरा. आणि त्याआधीची कथा सगळ्यांना माहीत आहे. संन्याशाची पोरं म्हणून चौघांना समाजानं बाहेर ठेवलेलं. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. आणि ही चार लेकरं, सगळ्यात मोठा निवृत्ती आणि सगळ्यात धाकटी मुक्ताई, आळंदीहून पैठणला चालत आली. कशासाठी? शुद्धिपत्रासाठी. एका कागदासाठी, माउली!

मी हे सप्ताहात सांगितलं तेव्हा पोरं हसली. त्यांना बरोबर कळालं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, त्याची मुदत संपली, पुन्हा काढा, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. आपले ज्ञानोबारायसुद्धा याच रांगेत उभे होते. आपल्या मराठवाड्याच्या गोदाकाठी उभे होते. पुढचं काही ठरलेलं नव्हतं. घर नाही, आईबाप नाहीत, मुंज नाही, समाजात जागा नाही. अनिश्चित भविष्य म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? आणि त्या वयात, त्या परिस्थितीत, त्यांनी पोथी हातात घेतली. शेवटी पसायदान मागितलं तेही स्वतःच्या नावानं काही मागितलं नाही.

पण मला आज पसायदानापेक्षा ताटीची गोष्ट सांगायची आहे. ताटी म्हणजे झोपडीचं दार, काड्यांचं. कथा अशी की कुणीतरी ज्ञानदेवांचा अपमान केला, ते मनाला लागलं, आणि ते आत जाऊन ताटी लावून बसले. लक्षात घ्या, ज्ञानेश्वर महाराज दार लावून बसले! मग मुक्ताई येऊन दाराबाहेर बसली. वयानं चार वर्षांनी लहान. तिनं जे म्हटलं ते ताटीचे अभंग म्हणून आपण आजही म्हणतो.

आज उमरीत, नायगावात, धर्माबादेत किती घरांत अशी दारं लागलेली आहेत? रिझल्ट लागला की मोबाईल बंद, दार बंद. जेवायला हाक मारली की भूक नाही. लग्नकार्याला नाही, सप्त्याला नाही, कुणी मुलगा काय करतो विचारेल म्हणून. मुक्ताईनं काय केलं ते बघा. दार फोडलं नाही. शेजारच्याला बोलवून आणलं नाही. तो अमक्याचा पोरगा बघ कसा पीएसआय झाला, असंही म्हणाली नाही. दाराबाहेर बसली आणि प्रेमानं समजावत राहिली, तू कोण आहेस ते आठव, जग तापलं म्हणून आपण तापायचं नसतं. दार उघडेपर्यंत उठली नाही. ज्ञानेश्वर महाराजांना जर बाहेर बसणारी मुक्ताई लागली, तर तुमच्या आमच्या पोराला लागणार नाही का?

म्हणून आईबापांना हात जोडून सांगतो. लागला का नंबर, हा प्रश्न घरात वर्षातून एकदा पुरे, रोज भाकरीबरोबर नको. बासरला सरस्वतीला घेऊन जा, अवश्य जा. करखेली, धर्माबाद, की पुढं बासर, आपल्या रेल्वेनं किती लांब आहे? लहानपणी पाटी धरायला नेलं होतं तसं आताही न्या. पण नवस बोलून परत येताना गाडीत त्याच्यावर नवसाचंही ओझं टाकू नका. एवढं केलंय, आता तरी पास हो, असं. देवीकडं बुद्धी मागायची असते.

आणि पोरांनो, तुमच्याशीही थोडं कडक बोलतो. विसावा म्हणजे झोपून राहणं नव्हे. वयोमर्यादा खुल्याला अडतीस आणि मागासवर्गाला त्रेचाळीस आहे म्हणून त्रेचाळीसपर्यंत बसायचं असं कुणी सांगितलं? किती वेळा द्यायची परीक्षा ते आज कागदावर लिहा, आईबापाला दाखवा, आणि त्या आकड्याशी इमान राखा. तोपर्यंत दिवसातले दोन तास दुसऱ्या कशाला तरी द्या, शेतात, दुकानात, एखादं काम शिकण्यात. त्यानं अभ्यास बुडत नाही. उलट रात्री झोप लागते, आणि सहाव्या अध्यायात योग्य झोपेला भगवंतांनी किती महत्त्व दिलंय ते आपण परवाच पाहिलं. प्रेरणेचे व्हिडिओ रात्री दोनपर्यंत बघण्यापेक्षा ती झोप बरी.

या मातीतलंच एक सांगतो. जानेवारी १९४८. निजामाचं राज्य, रझाकारांचा धुमाकूळ. हैदराबाद मुक्तिसंग्रामातली आपल्या भागातली मंडळी शाळा-कॉलेज, घरदार सोडून सरहद्दीपलीकडं उमरखेडच्या कॅम्पवर होती. तिथून येऊन त्यांनी आपल्या उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्याला दिला. एका पैशालाही कुणी स्वतःसाठी हात लावला नाही, हे गावात अजून अभिमानानं सांगतात. त्या दिवशी त्यांना कुठं माहीत होतं की सप्टेंबरच्या सतराला आपण मोकळे होणार? १९४६ साली अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे मारले गेले होते, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. हे मी तुम्हाला लाजवायला सांगत नाही. बघा ती पिढी आणि बघा तुम्ही, हे बोलणं मला आवडत नाही. त्यांचा काळ वेगळा, शत्रू समोर दिसत होता. तुमचा शत्रू दिसत नाही, वेबसाईटवर सूचना येते आणि जाते. मला त्यांच्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. ते एकटे नव्हते. कॅम्पमध्ये रात्री भीती वाटली तर शेजारी दुसरा होता. तुम्ही अभ्यासिकेत दोनशे जण बसता आणि दोनशे जण एकटे असता. हे बदला. संध्याकाळी चौघांनी मिळून चहा प्या, आणि त्या वेळी कट-ऑफचा विषय काढायचा नाही असं ठरवा. हरिपाठाला या. देवावर विश्वास बसत नसला तरी या, टाळ धरायला विश्वासाचा दाखला लागत नाही.

आणि कधी मन फारच खाली गेलं, जगणंच नको असं वाटायला लागलं, तर त्या रात्री पोथी उघडायच्या आधी माणसाला हाक मारा. आईला उठवा, मित्राला उठवा, मला उठवा. सरकारचा टेलिमानस नावाचा फोन आहे, १४४१६, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडं जातो, तिथं लाज धरत नाही. मन मोडल्यावर कामून लाजायचं? भगवंतांनी अर्जुनाला रथात बसवून, जवळ घेऊन, अठरा अध्याय बोललं. एका वाक्यात उठ म्हणून सोडून दिलं नाही.

तो पंगतीतला मुलगा आता काय करतो, असं कालच एका वाचकानं विचारलं. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात सहावी-सातवीच्या पोरांना गणित शिकवतो. पहिल्या आठवड्यात पाच आली, आता पंधरावीस आहेत. काहींचे आईबाप थोडेफार पैसे देतात, काही देत नाहीत, तो मागत नाही. फॉर्म भरलेला आहेच. परीक्षा कधी ते अजून जाहीर व्हायचंय. परवा मी मंडपात गेलो तर फळ्यावर वेळ-काम-वेगाचं गणित होतं आणि तो एका पोराला सांगत होता, "चुकलं तर चुकू दे, पण पायरी लिही. पायरीला बी मार्क असतात."

उद्या एक्केचाळिसावा श्लोक घेऊ. असा मधे थांबलेला माणूस पुढं कुठल्या घरी जन्माला येतो, ते माउलींनी फार सुंदर सांगितलंय. ज्यांच्याकडं सार्थ ज्ञानेश्वरी आहे त्यांनी आजच वाचून ठेवा. एकादशीला संध्याकाळी देवळात हरिपाठ आहे, पोरांना घेऊन या, आणि येताना वाटेत त्यांना काही विचारू नका.

॥ राम कृष्ण हरि ॥